चंद्रावरील लेणी

नाशिक शहराच्या दक्षिणेस सुमारे ८ किलोमीटरांवर त्रिरश्मी नावाचा डोंगर आहे. त्याच्या कड्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदण्यात आली. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. पण नाव चिकटले ते चिकटलेच. वैशाखातील भर दुपारी डोंगर चढून आलेला माणूस लेण्यात पाऊल टाकताच सुखावतो. बाहेर कातळ तापलेला असतो, आत मात्र गारवा असतो. जाड पाषाण उष्णता फार सावकाश आत घेतो आणि तितक्याच सावकाश बाहेर सोडतो, हे त्याचे कारण होय.

हा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला शिलारस थरांवर थर पसरून थिजला आणि त्यातून आपले दख्खनचे पठार बनले. पौर्णिमेच्या चंद्रावर आपल्याला जे काळसर डाग दिसतात, तेही बसाल्टच आहेत. मात्र ते बहुतेक तीनशे कोटी वर्षांहूनही जुने आहेत. १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी शांतिसागर नावाच्या मैदानातून असे दगड पृथ्वीवर आणले. नाशिकच्या दगडखाणींत बसाल्टच्या पोकळ्यांमधून सुंदर स्फटिक सापडतात. ते खडकात झिरपलेल्या पाण्यामुळे तयार होतात. चंद्रावरून आणलेल्या त्या दगडांत असे स्फटिक मुळीच नव्हते. ही एवढीशी गोष्ट दोन्ही ठिकाणांतील मोठा भेद सांगून जाते.

पुढे चंद्रावर माणूस महिनोन् महिने राहू लागला, तर त्याने घर कोठे बांधावे? चंद्रावर वातावरण नाही. तेथील दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा असतो आणि रात्रही तेवढीच. विषुववृत्ताजवळ दुपारी जमीन सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि रात्री शून्याखाली सुमारे १७० अंशांपर्यंत गोठते. शिवाय अवकाशातून येणारे घातक किरण आणि बारीक उल्का यांचा मारा अखंड चालूच असतो. पृथ्वीवरून जाड भिंती वाहून नेणे तर फारच खर्चाचे. तेव्हा भिक्षूंनी जे केले तेच करावे, म्हणजे कातळाच्या पोटात शिरावे, असे काही शास्त्रज्ञांना वाटते.

चंद्रावर त्यासाठी छिन्नी चालवावी लागेलच असे नाही. वाहत्या शिलारसाचा वरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो, आतला रस वाहून जातो आणि मागे लांबच लांब भुयार उरते. हवाई बेटांवर अशी भुयारे आहेत. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढेच असल्याने तेथील भुयारे कितीतरी अधिक रुंद असूनही ढासळणार नाहीत, असे गणित सांगते. आपल्या चांद्रयान-१ च्या छायाचित्रांत अहमदाबादच्या शास्त्रज्ञांना असे एक न ढासळलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर लांबीचे भुयार ओळखता आले. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले. शांतिसागरात सुमारे शंभर मीटर रुंदीचा एक खोल खड्डा आहे. त्याच्या तळापासून एक भुयार आत जाते, असे २०२४ साली इटलीतील शास्त्रज्ञांनी जुन्या रडार-नोंदी पुन्हा तपासून दाखवले. या खड्ड्यातील सावलीच्या जागी तापमान सुमारे १७ अंश राहते, असा अंदाज आहे. नाशिककरांना हिवाळ्याच्या सकाळी स्वेटर घालावा लागतो, तितपतच ती थंडी!

चंद्राची मातीही उष्णता आत जाऊ देत नाही. २०२३ साली चांद्रयान-३ ने दक्षिण ध्रुवाच्या बाजूला मातीत तापमापक खुपसला, तेव्हा पृष्ठभागावर सुमारे ५० अंश तापमान होते, आणि अवघ्या ८ सेंटीमीटर खाली ते शून्याखाली सुमारे १० अंश भरले.

परंतु त्या खड्ड्यात उतरायचे कसे? आत सूर्यप्रकाश नाही, म्हणून सौरपट्ट्या निरुपयोगी. आणि कातळातून रेडिओ-संदेशही जात नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेसाठी जर्मनीतील वुर्ट्झबर्ग विद्यापीठाने एका पारदर्शक गोलाची कल्पना मांडली आहे. हा गोल दोरीने खड्ड्यात सोडायचा; तळाशी गेल्यावर तो दोरी सोडून स्वतःच घरंगळत जाईल आणि आतील कॅमेऱ्यांनी व लेसर किरणांनी भुयाराचा नकाशा काढील. स्पेनमधील ओव्हिएदो विद्यापीठाने सुचवले की काठावरच्या क्रेनचे टोक आत लोंबकळत ठेवावे, म्हणजे त्याच्याकडून लहान यंत्रांना वीज आणि संदेश दोन्ही मिळतील. या सर्व योजना अद्याप कागदावरच आहेत.

खरी अडचण पाण्याची आहे. त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात लेण्याबरोबर पाण्याची टाकी खोदवल्याचाही उल्लेख आहे. त्यांना तेव्हा ‘पोढी’ म्हणत. पाण्याची सोय नसलेले लेणे काय कामाचे? चंद्रावरचे बर्फ मुख्यतः ध्रुवांजवळच्या, जेथे ऊन कधीच पोहोचत नाही अशा विवरांत असावे. शांतिसागरातील खड्डा मात्र विषुववृत्ताजवळ आहे. जवळचा ध्रुव धरला तरी तेथून बर्फ आणायला सुमारे अडीच हजार किलोमीटर जावे लागेल.