न्हाणीच्या पाण्यावरचा गवती चहा

कुंड्यांची हौस असलेल्या मंडळींच्या बोलण्यात अलीकडे लेमन व्हर्बिनाचे नाव येऊ लागले आहे. हे झुडूप अर्जेंटिना, चिली, पेरूकडचे. अठराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले आणि त्याची पाने गरम पाण्यात घालून पिण्याची चाल तिथे रुजली. लिंबाच्या सालीसारखा वास, आंबटपणा नाही, हे त्याचे आकर्षण. पण सातारा-सांगलीच्या परसात हा वास पूर्वीपासून आहे. न्हाणीचे पाणी जिथे जिरते तिथे केळ, अळू आणि त्यांच्या कडेला गवती चहाचा ठोंब, ही मांडणी कृष्णाकाठी कुणाला नवी नाही. या दोन जिल्ह्यांपुरते तरी व्हर्बिना आणण्याआधी हा ठोंब नीट वापरायला शिकावे, असे माझे मत आहे. त्यामागे स्वदेशीचा अभिमान नाही, पावसाळा आहे.

आधी वासाचे पाहू. दोन्ही वनस्पतींना लिंबाचा वास देणारे मुख्य द्रव्य एकच, सिट्रल. गवती चहाच्या तेलात ते साधारण सत्तर ते ऐंशी टक्के भरते, व्हर्बिनाच्या तेलात बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास. केरळातून निर्यात होणारे गवती चहाचे तेल युरोपच्या अत्तरबाजारात एके काळी ‘इंडियन व्हर्बिना’ म्हणूनच विकले जाई, आणि महागड्या खऱ्या व्हर्बिना तेलात त्याची भेसळही होत असे. खऱ्या तेलाने कातडीला ॲलर्जी होते म्हणून सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते अत्तरात वापरण्यावर पुढे बंदी घातली. पानांचा काढा पिण्याशी या बंदीचा संबंध नाही. पण ज्या वासासाठी लोक दूरचे झुडूप शोधतात, तो बाजाराने कधीच आपल्याकडच्या गवतात शोधला होता, एवढे यावरून दिसते.

आता पावसाळा. व्हर्बिनाला भरपूर ऊन आणि पाण्याचा झटपट निचरा लागतो. मुळाशी पाणी साचले की ते कुजते. सातारा शहराच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर आभाळ उघडत नाही, महाबळेश्वरला तर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सांगलीकडे पाऊस बेताचा, पण नदीकाठची काळी जमीन चिकट, पाणी धरून ठेवणारी. अँडीज पर्वताच्या प्रदेशातली एक वनस्पती या भागात पूर्वी लावूनही पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारने महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड केली; हिवतापावरच्या क्विनाइनसाठी साल मिळवायचा हेतू होता. ती लागवड टिकली नाही. यावर कुणी म्हणेल, मग स्ट्रॉबेरी कशी टिकली? तीही परकीच, आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आक्षेप रास्त आहे, पण उत्तर त्याच्या पोटातच आहे. स्ट्रॉबेरी पाऊस सरल्यावर लावतात, उन्हाळ्यापर्यंत फळे तोडतात आणि पुढच्या हंगामाला पुन्हा नवी रोपे लावतात. म्हणजे ती पावसाळा सोसत नाही, चुकवते. वर्षानुवर्षे एकाच जागी उभ्या राहणाऱ्या झुडपाला ही सोय नाही. गवती चहाला मात्र हाच पाऊस मानवतो. उलट टोकाला माण, आटपाडी, जतच्या कोरड्या पट्ट्यातही भांडी-धुण्याच्या पाण्यावर तो तग धरतो, आणि वासामुळे जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

चवीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्हर्बिनाचा वास नाजूक, वाळल्यावरही टिकणारा. गवती चहाची वाळलेली पात मात्र लवकरच चाऱ्यासारखी होते. हे खरेच आहे. शिवाय व्हर्बिनाचे कोवळे पान बारीक चिरून साखरेत किंवा फळांत घालता येते. गवताची पात चरबरीत, कडेने हात कापणारी. पण बारमाही हिरव्या ठोंबाला वाळवणाची गरजच काय? आणि चव उग्र लागते ती पुष्कळदा आपल्या उकळण्यामुळे. या गवताचे तेल काढतात ते वाफेवरच. उघड्या भांड्यात पात खळखळ उकळणे म्हणजे तेच तेल स्वयंपाकघराच्या हवेत सोडणे. पात कात्रीने बारीक कापावी, आच बंद करून घालावी आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. दुधाच्या चहात थोडे निभावते, कारण सिट्रल स्निग्धांशात विरघळते. आपण आणखी एक गोष्ट वाया घालवतो. थायलंड, व्हिएतनामच्या स्वयंपाकात खरा मान पातीला नाही, बुडाच्या पांढऱ्या दांड्याला आहे. वरची पापुद्री काढून तो ठेचला की आमटीत, कढीत, गुळाच्या पाकात चालतो. बुंध्याला माती चढवत गेले, शेणखत दिले, की दांडा जाड होतो. गुळाचा एवढा मोठा मुलूख, पण गवती चहाचा गुळाचा पाक घरोघरी का नाही, याचे मला नवल वाटते.

त्याच्या नावावर खपवलेल्या गुणांचे ओझे मात्र उतरवायला हवे. आले, मिरी, गूळ घालून केलेला काढा ताप-सर्दीत घाम आणतो, बरे वाटते. तेवढ्यावरून तो डेंगीचे औषध ठरत नाही. दारात ठोंब लावला की डास येत नाहीत हेही तसेच. डास पळवणारे म्हणून प्रसिद्ध असलेले सिट्रोनेला हे त्याच कुळातले वेगळे गवत, आणि गवती चहाचे तेल पातीच्या आतल्या पेशींत असते; पात चुरगळल्याशिवाय ते फारसे बाहेर येत नाही.

लावणी सोपी. या जातीला फुलोरा क्वचितच येतो, म्हणून बियांच्या मागे न लागता पावसाच्या तोंडाला जुना ठोंब फोडून मुळासकट फुटवे दीड-दोन फुटांवर लावावेत. पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी, जमिनीपासून वीतभर वर. चार-पाच वर्षांनी ठोंब मधून पोकळ होतो, तेव्हा तो उपटून फोडावा आणि जागा बदलावी. एवढे करूनही व्हर्बिनाची हौस उरलीच तर ती स्ट्रॉबेरीच्या रीतीने भागवावी: कुंडीत निम्मी वाळू, ऑक्टोबर ते मे उघड्या उन्हात, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की कुंडी पागोळ्यांच्या आत.