सोरायसिस आणि सांधेदुखी

रत्नागिरी जिल्ह्यात काजूगर सोलण्याचे काम बहुतांशी स्त्रियांच्या हातांनी होते. अशा हाताची बोटे सुजली, तर दोष साहजिकच कामाला दिला जातो. कोपरावरील खवलेदार चट्ट्याशी त्या सुजेचा संबंध असू शकेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही.

सोरायसिस या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते. कातडीच्या पेशी अतिवेगाने वाढतात आणि लालसर चट्ट्यांवर रुपेरी खपल्या धरतात. हा रोग संसर्गजन्य नाही व कुष्ठरोगाशी त्याचे काही नाते नाही. तरीही चट्टे लपविले जातात, आणि निदान हुकते ते येथेच. सोरायसिसच्या शेकडा ३० पर्यंत रुग्णांना पुढे संधिवात जडतो. बहुधा चट्टे आधी येतात व सांधे काही वर्षांनी धरतात. क्वचित क्रम उलटाही असतो.

१९७३ साली इंग्लंडमधील मोल व राइट यांनी या संधिवाताचे पाच प्रकार वर्णिले. सामान्य वाचकाने मात्र प्रथम नखे पाहावीत. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे नखांवर दिसतात. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजते, टाच दुखते. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेले राहतात व हालचालीने मोकळे होतात; झिजेची सांधेदुखी याउलट श्रमाने वाढते. रक्तातील 'आर. ए. फॅक्टर' बहुधा आढळत नाही. म्हणून तेवढ्या अहवालावर निर्धास्त राहू नये.

मेथोट्रेक्सेट हे यावरील जुने व स्वस्त औषध. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यावयाचे असते. रोजची गोळी समजून घेतल्यास जिवावर बेतते. दिनदर्शिकेवर वाराभोवती खूण करणे उत्तम. सोबत फॉलिक ॲसिड देतात, रक्त व यकृताची तपासणी वेळोवेळी करतात. मद्य वर्ज्य, गर्भधारणेच्या काळात हे औषध चालत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तात्पुरता आराम पडतो, पण त्या एकदम थांबविल्यास चट्टे उसळतात. मासे सोडून हा रोग जात नाही.

एवढ्याने न भागल्यास जैविक इंजेक्शने आहेत. २०१४ पासून भारतीय बनावटीचे ॲडॅलिमुमॅब मिळू लागले, तरी खर्च मोठाच. ते सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी आवश्यक असते, कारण सुप्त क्षय त्याने जागा होऊ शकतो.

रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सांधे दाखविण्यास जाताना कातडीवरील चट्टेही दाखवावेत.