संगणक जागा होत नाही तेव्हा...



समजा, उद्या विज्ञानाचा प्रकल्प द्यायचा आहे. आठवडाभर बसून तुम्ही तो संगणकावर टाइप केलात, चित्रं टाकलीत, आकृत्या काढल्यात. शेवटचं पान एकदा तपासावं म्हणून बटण दाबलंत. पंखा घरघरला, दिवा लागला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ उमटली, 'नो बूटेबल डिव्हाइस'. बस्स! पुढे काहीच नाही.

पोटात गोळा येतो ना? मग सल्ले देणारे गोळा होतात. कुणी म्हणतं, "दोन-चार वेळा बंद-चालू कर." कुणी म्हणतं, "गेली तुझी हार्ड डिस्क!" आणि एखादा दादा अगदी सहज सांगतो, "त्यात काय, फॉरमॅट मारू!"

थांबा! या शेवटच्या सल्ल्याला आधी लांबूनच नमस्कार करा. कारण संगणक सुरू न होणं आणि तुमचा प्रकल्प नाहीसा होणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कशा, ते आता पाहू या.

शाळा भरते तशी

तुमची शाळा सकाळी कशी भरते? सगळ्यांत आधी शिपाईमामा येतात. ते फाटक उघडतात, दिवे-पंखे लागतात का बघतात. मग कार्यालय उघडून ठरलेल्या जागेवरची एक चिठ्ठी घेतात. मुख्याध्यापक कुठे भेटतील, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. मामा त्यांना बोलावतात आणि कारभार त्यांच्या हाती देतात. मग घंटा होते नि वर्ग सुरू होतात.

संगणकाचंही असंच आहे. त्याच्या मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा राहतो. जुन्या संगणकांत त्याचं नाव 'बायोस', नव्या संगणकांत 'यूईएफआय'. हे आपले शिपाईमामा. वीज आली की ते कीबोर्ड, मेमरी, पडदा सगळं जागेवर आहे ना, ते तपासतात. मग ते हार्ड डिस्ककडे जातात आणि चिठ्ठी शोधतात.

ही चिठ्ठी केवढी असते, माहीत आहे? जुन्या पद्धतीत फक्त ५१२ बाइट्स! इंग्रजीतली ५१२ अक्षरं मावतील एवढीच जागा. त्यातल्या ४४६ बाइट्समध्ये सुरुवातीच्या सूचना, ६४ बाइट्समध्ये डिस्कच्या विभागांची यादी आणि शेवटच्या २ बाइट्समध्ये ही चिठ्ठी खरी असल्याची खूण. ती खूण दिसली नाही, तर बायोस पुढे जात नाही. नव्या यूईएफआय पद्धतीत चिठ्ठीऐवजी एका छोट्या वेगळ्या विभागात ठेवलेली फाइल असते, पण काम तेच. मुख्याध्यापकांना, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमला, बोलावून आणायचं.

आता सांगा, एखाद्या दिवशी मामांना चिठ्ठी सापडली नाही म्हणून शाळा भरली नाही, तर ग्रंथालयातली पुस्तकं नाहीशी होतात का? नाही ना! ती कपाटात जशीच्या तशी असतात. तुमचा प्रकल्पही बहुतेक वेळा असाच डिस्कवर शाबूत असतो. बिघडलेली असते ती त्याच्यापर्यंत पोचायची वाट.

पडदा काय सांगतो?

वैद्य जसे आधी नाडी बघतात, तसं आपण आधी लक्षण बघायचं. संगणक कुठपर्यंत येऊन थांबला?

दिवाच लागत नाही, पंखा फिरत नाही, तर वीज पोचत नाही. इथे हार्ड डिस्कला दोष देऊ नका. प्लग, स्विच, पाठीमागची वायर बघा.

पंखा फिरतो, पण पडदा कोराच राहतो किंवा नुसते 'बीप बीप' आवाज येतात, तर मामांचीच तपासणी अडली आहे. मेमरीची पट्टी सैल झाली असेल किंवा पडद्याची केबल निघाली असेल.

अक्षरं उमटतात आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' असं वाचायला मिळतं, तर मामा ठणठणीत आहेत. त्यांना डिस्क तरी सापडत नाही, नाही तर डिस्कवरची चिठ्ठी तरी.

कंपनीचं चित्र येतं, गोल-गोल ठिपके फिरत राहतात किंवा निळा पडदा येतो, तर बहुधा चिठ्ठीही सापडली आहे. मुख्याध्यापक आले, पण काम सुरू करताना अडखळले.

म्हणून पहिलं काम म्हणजे पडद्यावरची ओळ अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घ्या. "काहीतरी इंग्लिश आलं होतं," असं सांगितलंत तर दुरुस्ती करणाऱ्या काकांनाही काही कळणार नाही.

आता क्रमाने शोधू या

गंमत म्हणजे सगळ्यांत सोपं कारणच पुष्कळदा खरं निघतं. म्हणून सोप्यापासून सुरुवात करायची.

१. काही खोचलेलं राहिलंय का? पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, सीडी, सगळं काढा आणि पुन्हा सुरू करा. मामा कधीकधी आधी पेन ड्राइव्हकडे जातात आणि तिथे चिठ्ठी नसली की अडून बसतात. फ्लॉपीच्या काळात तर हे नेहमीचंच होतं. आत विसरलेली फ्लॉपी आणि पडद्यावर 'नॉन-सिस्टिम डिस्क'! १९८६ साली लाहोरमध्ये तयार झालेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस याच वाटेने पसरला. तो फ्लॉपीवरच्या चिठ्ठीच्या जागीच लपून बसायचा.

२. मामांना डिस्क दिसते का? संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट हे बटण वारंवार दाबलं की बायोसचं पान उघडतं. काही कंपन्यांच्या संगणकांत हे बटण वेगळं असतं. सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात ते बहुधा लिहिलेलं असतं. या पानावर फक्त वाचायचं, बदलायचं काही नाही. हार्ड डिस्कचं नाव यादीत आहे का, ते शोधा. ही आपल्या शोधातली मोठी खूण आहे बरं का! नाव दिसलं तर डिस्कशी बोलणं होतंय. गडबड बहुधा क्रमात किंवा चिठ्ठीत आहे. नाव दिसलं नाही तर गडबड केबलमध्ये नाही तर खुद्द डिस्कमध्ये.

३. घड्याळ बघा. त्याच पानावर तारीख-वेळ असते. ती कित्येक वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा गोल सेल संपला आहे. त्याचा क्रमांक बहुधा सीआर२०३२ असतो आणि तो ३ व्होल्टचा असतो. जुन्या संगणकांत हा सेल संपला की मामा सगळ्या नोंदी विसरतात, कोणत्या डिस्ककडे आधी जायचं तेसुद्धा! सेल बदलायचा, नोंदी पुन्हा नीट करायच्या. एवढ्यावर काम भागतं.

४. केबल घट्ट आहेत का? टेबलावरच्या मोठ्या संगणकात हार्ड डिस्कला दोन केबल असतात. एक विजेची, एक माहितीची. संगणक इकडचा तिकडे हलवला की त्या सैल होतात. पण झाकण उघडायचं ते घरातल्या मोठ्या माणसासोबतच. आधी स्विच बंद, मग प्लग भिंतीतून बाहेर. आणि आतला वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहते. लॅपटॉप असेल तर ही पायरी सोडून द्या, ते काम जाणकाराचं.

५. कान द्या. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत असतात. माहिती वाचणारं टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही किती तरी कमी अंतरावर तरंगतं. आतून 'कट... कट...' असा ठोका ऐकू येत असेल, तर ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. दुखावलेलं टोक तबकडीवर घासलं, तर शाबूत माहितीही खरवडून निघते. आजकालच्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती बिघडली तरी आवाज येत नाही.

मागच्या दाराने आत

समजा, डिस्कचं नाव दिसतंय, आवाजही नाही, पण संगणक काही जागा होत नाही. मग एक छान युक्ती आहे. दुसऱ्या चांगल्या संगणकावर एका रिकाम्या पेन ड्राइव्हमध्ये उबंटूसारखी फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम भरून घ्यायची. मग आपला संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करायचा. पडद्यावर 'ट्राय' आणि 'इन्स्टॉल' असे दोन पर्याय येतात. आपण 'ट्राय'च निवडायचा! आपल्या डिस्कवर ती सिस्टिम बसवायची नाही, नुसती उधार वापरायची.

म्हणजे आपले मुख्याध्यापक आले नाहीत, तर शेजारच्या शाळेतले सर तासाभरासाठी बोलवायचे आणि ग्रंथालयाचं कपाट उघडून घ्यायचं! तुमचा प्रकल्प, घरातले फोटो, आजोबांच्या आवाजाची ध्वनिफीत, जे हवं ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. काही संगणकांत डिस्क कुलूपबंद असते. तेव्हा मालकाची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, लागते. ती आई-बाबांना आधीच जपून लिहून ठेवायला सांगा.

माहिती हाती आली, की मग विंडोजचं 'स्टार्टअप रिपेअर' चालवा, नाही तर दुरुस्तीच्या दुकानात द्या. क्रम लक्षात ठेवा. आधी माहिती वाचवायची, मग दुरुस्ती, आणि फॉरमॅट सगळ्यांत शेवटी. फॉरमॅट करून नवी सिस्टिम बसवली की जुन्या पानांवर नवं लिहिलं जातं आणि जे पुसलं जातं ते सहसा परत येत नाही.

दोन खऱ्या घटना

२६ एप्रिल १९९९. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघाताची तीच तारीख, म्हणून त्याला 'चेर्नोबिल'ही म्हणत. तो हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि काही संगणकांत तर बायोससुद्धा, म्हणजे चिठ्ठीही गेली नि मामाही! पण डिस्कचा पुढचा बराच भाग तसाच असायचा. म्हणून पुष्कळ डिस्कवरची माहिती परत मिळवता आली. त्यासाठी खास प्रोग्रॅमही तयार झाले.

दुसरी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमसाठी एक सदोष फाइल पाठवली आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानं रखडली. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले! हार्ड डिस्क मात्र चांगल्या होत्या. संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करून ती एक फाइल काढली की काम होत होतं. ज्याने शांतपणे कारण शोधलं, त्याला काहीच पुसावं लागलं नाही.

आजच करा

आता एक छोटा गृहपाठ. संगणक चांगला चालू असतानाच तुमच्या महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि आणखी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा. वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या संगणकाचं बायोसचं बटण कोणतं, ते लिहून ठेवा. डिस्क आज ना उद्या थकणारच. कोणतंही यंत्र कायमचं टिकत नाही. पण प्रत जवळ असली, की काळ्या पडद्यावरची ती एक ओळ बघून पोटात गोळा येणार नाही. उलट तुम्ही वही-पेन्सिल घेऊन म्हणाल, "चला, मामा कुठे अडलेत ते बघू या!"