पासष्ट अश्वशक्तीची फौज

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश इथं दरवर्षी जुलैच्या अखेरीस हौशी वैमानिकांचा मोठा मेळावा भरतो. तिथल्या जुन्या लष्करी विमानांच्या भागात मस्टँग, कोर्सेअर अशी धिप्पाड लढाऊ विमानं मांडलेली असतात आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर लहानग्या विमानांची एक रांग. मळकट हिरवा रंग, पंखांवर पांढरा तारा, काळे-पांढरे पट्टे. थाट सगळा रणांगणाचा. जवळ गेलं की कळतं, आत जेमतेम दोन माणसं मावतात, अंगावर पत्र्याऐवजी कापड ताणलेलं आहे आणि इंजिन आहे फक्त 65 अश्वशक्तीचं. आजच्या बऱ्याच छोट्या मोटारींचं इंजिन याहून दांडगं असतं.

हे विमान म्हणजे पायपर कब. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावच्या कारखान्यात 1938 ते 1947 या काळात जे-3 कब सुमारे वीस हजारांच्या संख्येनं तयार झालं. मूळ रंग झगझगीत पिवळा, बाजूला काळी विजेची रेघ. अमेरिकेत एका अख्ख्या पिढीनं विमान चालवण्याचे धडे याच पिवळ्या विमानात गिरवले. मग हिरवा रंग कुठून आला?

तो दुसऱ्या महायुद्धातून आला, आणि तोही रीतसर. 1941 च्या युद्धसरावांत खासगी कंपन्यांनी आपली छोटी विमानं सैन्याला वापरून पाहायला दिली. खडबडीत माळावर उड्या मारत उतरणारं कब पाहून जनरल इनिस स्विफ्ट यांना नाकतोडा आठवला आणि ‘ग्रासहॉपर’ हे नाव या विमानांना कायमचं चिकटलं. लष्करात दाखल झालेल्या कबला एल-4 म्हणत. शत्रूच्या डोक्यावर संथ घिरट्या घालायच्या आणि आपल्या तोफांचे गोळे कुठं पडताहेत ते रेडिओवरून कळवायचं, हे त्याचं मुख्य काम. जवळ एकही बंदूक नसलेल्या या विमानाची धास्ती मोठी होती. ते वर दिसत असेतो जर्मन तोफा बऱ्याचदा गप्प राहत, कारण तोफ डागली की तिची जागा उघड होई आणि काही मिनिटांत तिथंच भडिमार सुरू होई.

मेजर चार्ल्स कारपेंटर यांना मात्र नुसतं पाहत बसणं पसंत नव्हतं. मुळात इतिहासाचे शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी आपल्या एल-4 च्या पंखांना आधार देणाऱ्या दांड्यांवर सहा बझूका, म्हणजे रणगाडाविरोधी रॉकेटनळ्या, बसवल्या आणि 1944 मध्ये फ्रान्समध्ये जर्मन रणगाड्यांवर चाल केली. विमानाचं नाव त्यांनी ठेवलं ‘रोझी द रॉकेटर’. युद्ध संपल्यावर ते युरोपातच विकलं गेलं, ऑस्ट्रियात ग्लायडर ओढण्याच्या कामाला लागलं आणि शेवटी तिथल्या एका संग्रहालयात जाऊन पडलं. लष्करी अनुक्रमांकावरून त्याची ओळख पटली तेव्हा कुठं ते अमेरिकेत परतलं. आता ते जुन्या रूपात, बझूकांसकट, मॅसॅच्युसेट्समधल्या संग्रहालयात आहे.

युद्धानंतर शेकडो एल-4 स्वस्तात विकली गेली आणि नव्या मालकांनी त्यांना हौसेनं पिवळा रंग फासला. पुढं वारं फिरलं. आता तोच पिवळा काढून हिरवा चढवला जातो. इतकंच नव्हे, तर कधीच सैन्यात नसलेली साधी कबसुद्धा हिरवा वेश घेऊन मिरवतात. खरं-खोटं ओळखायचं असेल तर रंगाकडे न पाहता काचा पाहाव्यात. एल-4 मध्ये मागच्या निरीक्षकाला चहूकडे दिसावं म्हणून डोक्यावर आणि पंखांच्या मागेपर्यंत पारदर्शक काचा बसवलेल्या होत्या. साध्या जे-3 मध्ये तिथं कापडच असतं.

सोंगातला सगळ्यात लाडका भाग म्हणजे ते काळे-पांढरे पट्टे. त्यांच्यामागची कथा मात्र विदारक आहे. जुलै 1943 मध्ये सिसिलीवरच्या मोहिमेत छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघालेल्या 144 अमेरिकी विमानांपैकी 23 पडली, आणि बहुतेक पडली ती दोस्तराष्ट्रांच्याच जहाजांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या तोफांनी. हे फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या चढाईत पुन्हा घडू नये म्हणून जून 1944 मध्ये विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे रंगवण्याचा हुकूम निघाला. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा 18 इंच रुंद. गुप्तता राखण्यासाठी हुकूम शेवटच्या दोन-तीन दिवसांतच दिला गेला. हाताला लागेल त्या ब्रशनं, प्रसंगी झाडूनं, जवानांनी ते पट्टे ओढले. कडा वेड्यावाकड्या, रंगाचे ओघळ तसेच. पुढं विमानं फ्रान्समधल्या धावपट्ट्यांवर मुक्कामाला गेली तेव्हा हेच पट्टे वरून शत्रूच्या नजरेत भरू लागले आणि वरच्या बाजूचे पुसून टाकण्यात आले. आज हौशी लोक चिकटपट्टी लावून ते आरशासारखे नीटनेटके रंगवतात. अस्सलपणाचा हट्ट धरणाऱ्यांनी खरं तर झाडूच हाती घ्यायला हवा.

कबला निदान या वेशाचा हक्क आहे. व्हॅन्स कंपनीच्या सुट्या भागांतून घरच्या गॅरेजमध्ये जोडलेल्या आरव्ही-8 सारख्या विमानांचं काय? या विमानात दोघं एकामागं एक बसतात, वर बुडबुड्यासारखी काच असते, त्यामुळे मस्टँगचा भास आपसूकच होतो आणि मालकाला मोह आवरत नाही. नाकावर शार्कचा जबडा काढण्याची हौस तर फार जुनी. आधी जर्मन मेसरश्मिट, मग ब्रिटिश 112 स्क्वॉड्रन आणि त्यांची छायाचित्रं पाहून चीनमधले अमेरिकी ‘फ्लाइंग टायगर्स’, अशी ती उसनवारी 1941 पर्यंतच तीन हातांतून गेली होती. तेव्हा आज चौथ्यानं किंवा चारशेव्यानं ती केली तर नाक मुरडण्यात अर्थ नाही.

व्यवहाराचे प्रश्न मात्र खरे आहेत. लष्करी रंग दिसू नये म्हणून निघाले, आणि छोट्या नागरी विमानांची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात वैमानिकांनी एकमेकांना पाहण्यावर टिकून असते. हिरव्या रानावरून जाणारं हिरवं विमान वरून पटकन दिसत नाही. खुद्द सैन्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून तर ब्रिटनची सरावाची विमानं पिवळी असत, आणि पुढं चकचकीत काळा रंग आकाशात अधिक उठून दिसतो असं आढळल्यावर ती काळी झाली. फायबर आणि राळेपासून बनवलेल्या विमानांना तर गडद रंग सहसा वर्ज्यच. उन्हात तापून राळ मऊ पडू शकते, म्हणून ती बहुतेक पांढरीच दिसतात. शिवाय पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या हलणाऱ्या पृष्ठांवर रंगाचा जादा थर चढला की त्यांचा तोल बिघडतो. तो पुन्हा साधला नाही, तर वेगात ती पृष्ठं थरथरून मोडू शकतात.

कायद्याची तऱ्हा देशागणिक वेगळी. अमेरिकेत नोंदणी क्रमांक सहसा 12 इंच उंचीचा लागतो. पण किमान 30 वर्षं जुन्या छोट्या विमानाला, किंवा तशा विमानाचं हुबेहूब बाह्यरूप घेतलेल्या, घरी बांधलेल्या विमानाला, 2 इंचांची अक्षरं चालतात. ती शेपटीवर कुठंतरी लपून जातात आणि रणवेश बिघडत नाही. ब्रिटनमध्ये विमान सरकारी असल्याचा भास करून देणाऱ्या खुणा परवानगीशिवाय लावता येत नाहीत. जर्मनीत स्वस्तिकावर कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे तिथल्या हवाई प्रदर्शनांत मेसरश्मिटची शेपटी कोरी असते.

खुणांच्या बाबतीत जाणकारांची नजर सगळ्यात आधी लाल ठिपक्यावर जाते. जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असल्यानं अमेरिकेनं 1942 मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला, आणि भारत-ब्रह्मदेश आघाडीवर ब्रिटिश विमानांच्या वर्तुळातलं तांबडंही गेलं. निळ्या-फिकट छटा तेवढ्या उरल्या. तेव्हाच्या भारतीय हवाई दलाच्या विमानांवरही हीच निळी वर्तुळं होती. इम्फाळच्या लढाईतलं विमान म्हणून आपलं विमान सजवणाऱ्यानं मधोमध लाल ठिपका काढला, तर बाकी कितीही मेहनत घेतलेली असो, पहिली टीका त्यावरच होते.