मानेचे जुनाट दुखणे आणि हातांचे उपचार

“आपल्या रुग्णालयात ऑस्टिओपॅथी आहे का?” अशी विचारणा अलीकडे आमच्याकडे वारंवार होते. मानदुखीने त्रासलेले रुग्ण हा शब्द मुंबई-पुण्याच्या नातलगांकडून ऐकून येतात. दोघा सन्माननीय देणगीदारांनी तर त्यासाठी स्वतंत्र कक्ष उभारून देण्याची तयारी दर्शविली. त्यांच्या औदार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत; तथापि निर्णयापूर्वी या उपचाराचे स्वरूप सर्वांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

ऑस्टिओपॅथी म्हणजे मालिश नव्हे आणि आपल्याकडील हाडवैद्यकीही नव्हे. अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांची तीन मुले १८६४ मध्ये मेंदूज्वराने दगावली आणि तत्कालीन औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. हाडे, सांधे व स्नायू मोकळेपणाने हलत राहिले तर शरीर स्वतःस सावरते, हा विचार त्यांनी १८७४ मध्ये मांडला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे विद्यालय काढले. त्यांचे सर्वच दावे पुढे टिकले नाहीत. आज अमेरिकेतील डी.ओ. पदवीधर हे पूर्ण अर्हतेचे डॉक्टर असतात, शस्त्रक्रियाही करतात. भारतात तशी वैद्यकीय पदवी नाही. म्हणून दारावरील पाटी वाचून समाधान न मानता उपचार करणाऱ्याचे शिक्षण अवश्य विचारावे.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ संगणकावर काम करणाऱ्यांचा नाही. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीपासून मण्यांच्या विरळणीपर्यंत मजूर स्त्रिया मांडवाखाली मान वर करून, हात उंचावून दिवसभर उभ्या असतात. सुमारे पाच किलो वजनाचे मस्तक मागे झुकलेले राहते, मानेचे व खांद्यांचे स्नायू आखडतात. दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले की ते जुनाट समजले जाते.

अशा रुग्णास चिकित्सक मानेपुरते न पाहता खांदे, बरगड्या व पाठीचा वरचा भागही तपासतो. उपचाराची एक रीत सांगतो. रुग्णाने डोके चिकित्सकाच्या तळहाताविरुद्ध काही क्षण हलकेच दाबावयाचे, मग सैल सोडावयाचे. त्या शिथिलतेत मान किंचित पुढे वळविली जाते. ही पद्धती फ्रेड मिचेल या अमेरिकन ऑस्टिओपॅथने विकसित केली आणि आज फिजिओथेरपिस्ट ती सर्रास वापरतात. आपल्या विभागातही, ऑस्टिओपॅथी हे नाव न लावता, ती वापरली जाते.

लाभ किती? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जुनाट मानदुखीवरील ऑस्टिओपॅथी उपचारांच्या तीन चाचण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या. वेदना लक्षणीय कमी झाल्याचे दिसले, परंतु दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेत तितका स्पष्ट फरक आढळला नाही. रुग्णसंख्याही सव्वाशेच्या आतच होती. आशा बाळगावी इतके हे निश्चित आहे, इमारत बांधावी इतके नाही.

धोक्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. केस कापताना मान कडकन मोडून घेण्याची सवय अनेकांना आहे. झटक्याने मान वळविल्यास क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. हातात मुंग्या वा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, ताप, वजन घटणे यांपैकी काहीही असल्यास मानेला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे. मणक्याचा क्षयही प्रथम साध्या मानदुखीसारखाच वाटू शकतो.

आता हिशेबाची बाजू. यंत्र देणगीत मिळते, त्यावर नाव कोरता येते आणि पुढे ताळेबंदात घसाराही दाखविता येतो. फिजिओथेरपिस्टच्या अर्ध्या तासावर नाव कोरता येत नाही. वास्तविक खर्च तेथेच आहे. शुल्क माफ केले तरी बागेतील मजूर स्त्रीचा एका खेपेस दिवसाचा रोज बुडतो, एस.टी.चे भाडे निराळे. परिणामी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेनंतर ती येईनाशी होते व घरी करावयाचे व्यायामही अर्धवट राहतात.

यास्तव स्वतंत्र कक्षाऐवजी येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी घेतलेल्या आणखी एका फिजिओथेरपिस्टचे वेतन व गरजू रुग्णांचा प्रवासखर्च यांसाठी ती देणगी स्वीकारावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. रविवारी सकाळी विभाग उघडा ठेवण्याचाही त्यात समावेश आहे. उभय देणगीदारांनी त्यास संमती दिली असून एकाने केवळ एवढेच विचारले, “पाटी नको, पण मला व्यायाम शिकवाल ना?”