गिझर, गॅस, बंब की सोलर? वऱ्हाडात आंघोळीचे गरम पाणी कशावर स्वस्त पडते, समजून घ्या

अमरावती/अकोला : युरोप-अमेरिकेत थंडी पडली की अख्खे घर तापवावे लागते आणि तिथल्या कुटुंबांचा हिवाळा गॅस-विजेच्या बिलाची तुलना करण्यात जातो. वऱ्हाडात घर तापवायची गरज नाही, ते काम मे महिना फुकटात करतो. आपल्याकडे हिवाळ्यातला इंधनाचा खर्च म्हणजे सकाळचे आंघोळीचे पाणी. गिझर घ्यावा, गॅस गिझर बसवावा, सोलर लावावा की जुना बंबच पेटवावा? चला, आकड्यांत पाहू.

मुळात उष्णता लागते किती?

चार जणांचे घर धरा. प्रत्येकी 20 लिटरची एक बादली, म्हणजे रोज 80 लिटर. टाकीतले पाणी 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायचे आहे. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी लागते. म्हणजे रोज 1,600 किलोकॅलरी. विजेचे 1 युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. त्यामुळे रोज साधारण 1.9 आणि महिन्याला सुमारे 56 युनिट उष्णता पाण्यात जायलाच हवी. इंधन कोणतेही असो, हा आकडा बदलत नाही. बदलते ते वाया जाणारी उष्णता आणि दर.

महिन्याचा ढोबळ हिशेब

हिशेबासाठी वीज पहिल्या टप्प्यात 7 रुपये आणि दुसऱ्या टप्प्यात 13 रुपये युनिट, सिलिंडर 900 रुपये आणि विकतचे जळण 10 रुपये किलो धरले आहे. तुमचा दर वेगळा असेल तर तो टाकून पाहा.

- विजेचा गिझर : सुमारे 62 युनिट. पहिल्या टप्प्यात 434 रुपये, दुसऱ्या टप्प्यात 806 रुपये.
- हीटर रॉड : सुमारे 58 युनिट. 406 ते 754 रुपये.
- गॅस गिझर : सुमारे साडेपाच किलो गॅस. 350 रुपये.
- गॅस शेगडीवर पातेले : सव्वासात किलो गॅस. 460 रुपये.
- बंब, विकतचे जळण : सुमारे 40 किलो. 400 रुपये.
- उघडी चूल, विकतचे जळण : सुमारे 90 किलो. 900 रुपये.
- सोलर वॉटर हीटर : ऊन असेल त्या दिवशी शून्य.

चूल आणि बंब यांतला फरक पाहण्यासारखा आहे. बंबाच्या मधल्या नळीभोवती पाणी असते, त्यामुळे जाळाची बरीच उष्णता पाण्यातच जाते. उघड्या चुलीवर मात्र बहुतांश उष्णता बाजूने निघून जाते.

खरी मेख : बिलातले पहिले 100 युनिट

महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे आहेत. 100 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. गिझरचे युनिट घरातल्या बाकी वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना सरासरी दर लावून चालत नाही.

उदाहरण घ्या. एका घरात डिसेंबरमध्ये गिझर सोडून 60 युनिट वापर आहे. गिझरचे 40 युनिट स्वस्त टप्प्यात बसतील, 22 महाग टप्प्यात जातील. खर्च 566 रुपये. शेजारच्या घरात वापर आधीच 150 युनिट असेल तर तेवढ्याच पाण्याला 806 रुपये. गिझर सारखा, पाणी सारखे, फरक 240 रुपयांचा.

वऱ्हाडात इथे एक सोय आहे. हिवाळ्यात कूलर आणि पंखे बंद असतात, त्यामुळे लहान घरांचा वापर 100 च्या आत येऊ शकतो. म्हणून मे महिन्याचे बिल पाहून निर्णय घेऊ नका, मागच्या डिसेंबर-जानेवारीचे बिल काढा.

शेतातल्या पऱ्हाट्या फुकट, पण...

कपाशी आणि तूर निघाली की गावात पऱ्हाट्या आणि तुराट्यांचे जळण घरचेच असते. तिथे बंबाशी कोणीच बरोबरी करू शकत नाही. मात्र पऱ्हाट्यांचा ढीग पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नये. त्यातल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते आणि नव्या कपाशीवर येते. उन्हाळा संपण्याआधी ढीग संपवावा.

खारपाणपट्ट्यात काय बघाल?

पूर्णेच्या खोऱ्यातल्या दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा भागात भूजल खारे आहे. असे पाणी वापरत असाल तर गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते. दरवर्षी कॉइल साफ करून घ्या. सोलर घेताना तांब्याच्या बारीक नळ्यांपेक्षा काचेच्या नळ्यांचा प्रकार अशा पाण्याला जास्त सोयीचा पडतो.

सोलर कोणाला परवडेल?

हीटर 20 हजारांना पडला आणि वर्षातले 4 महिने गरम पाणी लागले असे धरा. महाग टप्प्यातली वीज वाचत असेल तर वर्षाला सुमारे 3,200 रुपये, म्हणजे सहा-सात वर्षांत पैसे वसूल. गॅस गिझर सोडून सोलरकडे गेलात तर मात्र चौदा वर्षे लागतील. छतावर वीज तयार करणारे पॅनल बसवायचे असतील तर फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. मग गिझरची वीजही त्यातूनच भागू शकते.

स्वस्त आहे, पण जीव महत्त्वाचा

यादीत गॅस गिझर स्वस्त दिसतो, पण बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ते शक्य नसेल तर महिन्याचे दोन-चारशे रुपये जास्त गेले तरी विजेचा गिझर बरा. बंबही बंद खोलीत पेटवू नका. रॉड लावलेल्या बादलीत प्लग काढल्याशिवाय हात घालू नका.

थोडक्यात

- घरचे जळण असेल तर बंब.
- हिवाळ्यातला वापर 100 युनिटच्या बराच आत असेल तर विजेचा गिझर. पाणी तापले की तो बंद करा.
- वापर 100 च्या वर आणि स्वतःचे छत असेल तर सोलर.
- गॅस गिझर फक्त मोकळ्या हवेची सोय असेल तरच.