नाथसागराचा चिखल कोणाचा?

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही. तरी रोहित बघायला मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागराकाठी ते उतरतात. ज्या पाण्यावर गेवराई-माजलगावकडचा ऊस उभा राहतो, तेच हे पाणी. पण रोहिताला खोल पाणी चालत नाही. त्याला लागतं उथळ पाणी आणि खाली चिखल. मान खाली घालून, चोच उलटी करून तो पाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव, शेवाळ खातो.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं आणि १९८६ मध्ये हे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे आधी सिमेंट-माती, मग ‘निसर्ग’! तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही नैसर्गिक आणि कृत्रिम हा भेद शिकवत असू. तिबेट-लडाखकडून येणाऱ्या पट्टकदंबाला आणि चक्रवाकाला त्याचं काही सोयरसुतक नाही.

आता बघा, इथली जमीन सपाट, म्हणून जलाशय परातीसारखा पसरट. कालव्यांना पाणी सुटलं, ऊन वाढलं, की पातळी थोडीच उतरते, पण काठ लांबवर उघडा पडतो. त्या ओल्या गाळात किडे, गोगलगायी, अळ्या. तुतवार तिथेच चरतात.

आणि तिथेच नांगरही येतो. पाणी ओसरलं की गाळपेर होते. धरणाखाली शंभराच्या आसपास गावं गेली. ज्यांच्या बापजाद्यांची काळी जमीन त्या पाण्याखाली आहे, त्यांना ‘हा चिखल पक्ष्यांचा’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसरीकडे, इंजिनांची धडधड आणि फवारणी सुरू झाली की पक्षी उठतात, हेही खरंच.

‘पक्षी की माणूस’ ही मांडणी मात्र मला अपुरी वाटते, कारण तिच्यात आपण नसतो. चिखल किती उघडा पडेल आणि किती दिवस ओला राहील, हे पुष्कळसं पाण्याच्या आवर्तनांवर ठरतं. आवर्तनं ठरतात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. तिच्या बातम्या मी नेमानं वाचतो. पिण्याचं पाणी असतं, ऊस असतो, कारखाने असतात. गाळपेर करणारा आणि रोहित, दोघंही त्या बातम्यांत मला अजून भेटलेले नाहीत.